घोडीच्या उंचीचं छप्पर

प्रिय अक्का,

ह्यो कागद तुला अफजलभाईच्या हातनं मिळंल. उद्या सकाळच्या पारी त्यो पिकप घिऊन तुमच्याकडं, भोरच्या डोंगराखाली, कोकरं बघाया निघनार हाय. मी त्याला सांगितलंय, अक्का घोडीपाशी एकली असंल तवाच दे. त्यो वाईच हासला, पन इचारलं काय न्हाय. बारामतीच्या बाजारात त्यो इतकी वर्सं मेंढरं घेतोय, इकतोय, पन मेंढपाळांच्या एका तळावरचं बोलनं दुसऱ्या तळावर नेत न्हाय, म्हनून त्याच्याकडंच दिला. तू म्हनशील फोन असताना कागद कशापायी. अगं फोन तात्याचा हाय, आन माझा फोन आला की तात्या स्पीकर लावून हात लांब धरून वरडतो, जसं काय मी पल्याडच्या टेकडीवर उभा हाय. समदा तळ ऐकतो. मागनं कुनी तरी म्हनतं, लखन व्हय, बोल की रं मोठ्यानं, का दात दुखत्यात. मंग माझ्या तोंडातनं व्हय आन न्हाय एवढंच निघतं आन सांगायचं हाय ते तसंच ऱ्हातं. कागदावर मधी बोलनारं कोन न्हाय, तवा जरा लांबलं तर लांबू दी. अक्षर तुला लागंल, तूच शिकिवलंयस.

हितं ऊन लई हाय. तुमाला डोंगराच्या पायथ्याला सांजचं वारं तरी लागतं, हितं सांजला बी भुईतनं वाफ निघतीया. आपल्या वाडीच्या माळावर उभं ऱ्हायलं तर लांबची बाभळ पान्यात उभी हाय असं दिसतं, आन जवळ गेलं की नुसती बाभळ. कुसळं सुदीक उरली न्हवती. ओढ्यात तू जिथं हरनी घोडीला धुवायचीस तितं परवापातूर पोरं क्रिकेट खेळत हुती. आज्जी बरी हाय. दुपारची लुगड्याचा पदर भिजवून डोक्यावर घेती आन चौकटीत बसती, जानाऱ्या-येनाऱ्याला पानी इचारती. फोनवर रोज हवामानाची बातमी येती ती मी तिला वाचून दावतो. मैदानी भागात उष्णता वाढनार, डोंगराच्या पायथ्याला दुपारनंतर ईजांसकट पाऊस, पिवळा इशारा. आज्जीनं इचारलं पिवळा इशारा म्हंजी काय. मी म्हनलं सावध ऱ्हावा. ती म्हनली, मी कवा बेसावध व्हते रं. एक दिस फोननं आख्ख्या जिल्ह्याला पाऊस सांगितला. जिल्हा केवढा हाय अक्का, आपुन चालून बघितलाय. तुमच्याकडं डोंगर काळा झाला म्हंजी हितं माळावर थेंब पडंल असं थोडंच हाय. वळीव तर एका बांधाला भिजिवतो आन दुसऱ्याला तसाच सोडतो. फोनपक्षी मी आपल्या लंगड्या मेंढ्याकडं बघतो, ज्याला तात्यानं औंदा चालाया न्यायचं न्हाय म्हनून घरी ठिवला. पाऊस यायचा असला की त्यो त्या बाजूला पाठ करून खाली मान घालतो. आल्यापासनं त्यो नुसता सावलीला तोंड करून उभा हुता. तात्याला मी तेच सांगत हुतो, अजून न्हाय.

दरसाली रान बघाया गेणबा चुलता फुडं यायचा. माळ भिजला का, गवताला कोंब आला का, डबऱ्यांत पानी साठलं का, ते बघून त्यो निरोप द्यायचा आन मंग तळ हलायचा. औंदा त्याचं गुडघं गेलं म्हनून मला पाठिवलं. पन औंदाचा निरोप नुसत्या मेंढरांचा न्हाय. दिवाळीत आपुन निघायच्या आदुगर दत्तोबामामा आलं, त्यांच्या पोराला, ऋषिराजला घिऊन. तू चहा दिलास. त्यानं कप घेतला आन चहा संपस्तोवर कपातच बघत बसला. तू चुलीकडं बघत हुतीस. तेवढीच तुमची बघाबघी. तात्यानं तितंच शब्द दिला, वळीव पडू दी, मेंढरं खाली येऊ दी, आली की सुपारी फोडू. म्हंजी मी पाऊस पडला म्हनलं की तुझं लगीन ठरलं. आई म्हनती घर हाय, पानी हाय, चालायचं न्हाय, अजून काय पायजे पोरीला. तू काय म्हनतीस ते कुनी इचारलं न्हाय, आन तू बी बोलली न्हाईस. फक्त मी निघालो त्या सकाळी तू हरनीच्या खोगिराचा तंग आवळत हुतीस, मान वर न करता म्हनलीस, लखन, रान बघशील तसा त्यो मानूस बी बघ. कुनाला इचारू नगंस. नुसतं बघ, तुला बघता येतं. मला येश्टीत बसल्यावर त्येच आठवत हुतं. मला काय येतं असं आजवर कुनी म्हनलं न्हवतं.

तर मी बघितलं, आन जे बघितलं ते तसंच लिवतो. चांगलं आन वाईट निवडून लिवायला बसलो तर माझं मत हुईल, आन तुला मत न्हाय पायजे.

भवानीनगरला उतरून मी सणसरच्या बाजूला चालत गेलो. निमित्त केलं की मेंढरं आल्यावर खतासाठी बसवायला त्यांचं तुटलेल्या उसाचं रान मिळंल का ते इचाराया आलो. मामांनी दारातच धरलं, तात्याचं नाव घिऊन म्हनलं, महिपतरावांचं धाकटं व्हय, ये ये, किती वाळलास, का ऊनच जेवतोस. त्यांचं रान कालव्याचं, समदं हिरवं. उसात शिरलं की अंगाला गार लागतं. आपल्या माळावरनं तितं गेलं की वाटतं देवानं पानी वाटताना मधीच कुनी हाक मारली असंल. मामा हिंडून समदं दावत हुतं, ही पाइपलाइन, ह्यो ट्रॅक्टर, ही मोटर. म्हनलं, आमी मेंढरं इकली त्याच साली हितं पानी आलं, आता घरात मेंढराचा वास सुदीक न्हाय. असं म्हनून माझ्या खांद्यावरच्या घोंगड्याकडं बघितलं. मी घोंगडं काढून बाहीर खुंटीला अडकवलं. मामी चांगल्या हायत. जेवताना ताटात दुसऱ्यांदा वाढताना इचारत न्हाईत, वाढत्यात. घर फुडनं स्लॅबचं हाय, पन मागची खोली पत्र्याची, आन लगीन झाल्यावर तीच तुमाला द्यायची असं मामी बोलता बोलता म्हनल्या. तुला पत्र्याखाली झोप लागत न्हाय. त्या साली घाटाखाली गारा आल्या तवा समदी शाळंच्या पडवीत पत्र्याखाली दडली, आन तू कानावर हात घिऊन बाहीर पळालीस ती मेंढरांत जाऊन बसलीस. आई वरडत हुती. तू घोंगडं डोक्यावर घिऊन मधी बसलेली आन मेंढरं तुझ्या भवती, एक बी इकडं तिकडं झालं न्हाय. तर खोली पत्र्याची हाय, हे लिवून ठिवतो.

ऋषिराज घरात सापडत न्हाय. घराच्या मागं त्याची कोंबड्यांची शेड हाय, त्यो तितंच असतो. मामा म्हनलं जा त्याच्याकडं, तुमी दोघं बोला. अक्का, आमी दोघं काय बोलनार. मी गेलो, त्यानं मान हालिवली, मी मान हालिवली. मंग त्यानं माझ्या हातात पान्याचा पाइप दिला. उन्हाळ्यात कोंबडीचं लई अवघड असतं हे मला ठाव न्हवतं. मेंढरू सावली शोधतं, नायतर एकमेकांच्या पोटाखाली डोकी तरी घालतं. ह्यांना कायच करता येत न्हाय. चोच उघडी टाकून, पंख लांब धरून नुसत्या धापा टाकत्यात. शेडच्या पत्र्यावर त्यानं उसाचं पाचट पसरलंय, त्याच्यावर दर घटकंला पानी मारायचं. बाजूला गोनपाटं टांगल्यात ती भिजवायची. पान्यात गूळ आन मीठ घालून द्यायचं. दुपारभर त्यो आत-बाहीर करतो, अंगात बनियन, केसांत पिसं. वय तुझ्याएवढंच वाटलं. डावा पाय वाईच आत टाकतो. मी दोन दिस त्याच्याबरूबर गोनपाटं भिजिवली. त्यो बोलायचा ते कामापुरतंच, पाइप दे, नळ बंद कर, सावलीत बस. दुसऱ्या दिशी दुपारी त्यानं सवताची अर्धी भाकरी माझ्याकडं सारली, आन मी न्हाय म्हनलो तवा तशीच ठिवली. मी नंतर खाल्ली. मला वाटलं ह्याच्याबरूबर मी रोज बसू शकंन. मंग वाटलं मी बसू शकंन, पन तुझं काय. तुला तर बोलायला लागतं. तू तर हरनीशी बी बोलतीस.

त्याच दिशी वळीव आला. दुपार उलटली आन वारं एकदम पडलं, पान हालंना. मंग सोलापूरच्या अंगानं आभाळ निळं-काळं झालं आन धुरळ्याची भिंत उसावरनं चालत आली. लाइट गेली. शेडमधलं पंखं थांबलं. मागनं असं वारं सुटलं की कडेचा एक पत्रा पाचटासकट उचलला आन बांधावर जाऊन पडला. ईज कडाडली, आन मी बघितलं की समद्या कोंबड्या अंधाराला भिऊन एका कोपऱ्याकडं पळत सुटल्या. अक्का, त्या एकमेकींच्या अंगावर चढत्यात आन खालच्या गुदमरून मरत्यात. मेंढरं ओढ्याच्या काठाला करत्यात तसंच. बाहीर दत्तोबामामा बोंबलत हुतं, पत्रा धर, आदी पत्रा धर, दुसरा बी उडंल. ऋषिराजनं ऐकलं असनार, मी ऐकलं तर त्यानं बी ऐकलंच. पन त्यो बाहीर गेला न्हाय. सावकाश, पाय घासत, त्या कोपऱ्यात गेला आन भुईवर बसला. दोन्ही हात पसरले. मला दुसऱ्या कोपऱ्याकडं मान केली, मी तितं बसलो. त्यो तोंडातनं बारीक आवाज काढत हुता, गानं न्हवं, नुसता एक सूर, लेकराला झोपिवताना काढत्यात तसा. कोंबड्या त्याच्या मांडीवर, खांद्यावर चढल्या, त्यो हालला न्हाय. वरनं उघड्या जागंतनं गारा येत हुत्या, त्याच्या पाठीवर पडत हुत्या. पत्र्याचा आवाज असा की मला माझा श्वास ऐकू येत न्हवता. तवा मला तूच दिसलीस, घोंगडं डोक्यावर घिऊन गारांत बसलेली.

पाऊस गेला. थोड्या कोंबड्या गेल्या, लई न्हाय. मामा चिखलातनं आत आलं, आन शेजारची दोघं-तिघं बी जमली हुती, त्यांच्यासमोर म्हनलं, हे बघा आमचं दिवटं, बाहीर घर उडालं तरी ह्यो आत कोंबड्या उबवत बसला. समदी हासली. ऋषिराज बी वाईच हासल्यागत झाला आन मेलेल्या कोंबड्या घमेल्यात गोळा कराया लागला.

त्या सांजला जेवताना मामा तुझ्याबद्दल बोललं. गमतीतच बोलत हुतं, पन मला कळत हुतं की गमत न्हाय. म्हनलं, महिपतरावांना सांग, पोरगी द्या, घोडी नगं. आमच्या दारात ट्रॅक्टर हाय, तिला काय खोगीर टाकायचं त्याच्यावर. मामी हासल्या. मी ताटात बघितलं. तुझा हरनीवर किती जीव हाय ते मला ठाव हाय, कुनाला सांगितलं न्हाईस तरी. हरनी शिंगरू हुती तवापासनं तुझ्याकडं हाय. तळाचं समदं बिऱ्हाड, पाल, भांडी, कोकरं तिच्या पाठीवर टाकून तू फुडं आन आमी मागं. तू घाट उतरतानी तिच्या कानात काय सांगतीस ते मला कवाच ऐकू आलं न्हाय, पन तिला ऐकू येतं. तर मी ताटात बघितलं, आन मंग ऋषिराजकडं बघितलं. त्यो बी ताटात बघत हुता. मला लई राग आला. त्याचा आला का माझा, ते कळंना. गप बसनारा मानूस बरा का वाईट, मला सांगता येत न्हाय, कारन मी सवताच तसला हाय.

तुला आठवतं का मी नववीत शाळा सोडली तवा गुरुजी घरी आलं हुतं. तात्यानं सांगितलं, त्याला शिकायचं न्हाय, तळावर मानूस पायजे. मी दाराआड उभा हुतो. तू भाकरी थापत हुतीस, हात न थांबवता म्हनलीस, आवं त्याला इचारा तरी. तात्यानं न्हाय इचारलं. गुरुजींनी बी न्हाय. मी बी दाराआडनं बाहीर आलो न्हाय. मी कुनाला दोष देत न्हाय, मेंढरं मला आवडत्यात. पन त्या दिशी तू बोललीस तेवढंच माझ्या बाजूनं कुनी तरी बोललेलं हाय, आन ते मी इसरलो न्हाय.

म्हनून दुसऱ्या दिशी सकाळी मी एक काम केलं. ऋषिराज शेडचा उडालेला पत्रा बांधावरनं वढत आनत हुता, मी दुसऱ्या बाजूनं धरला. आन चालता चालता म्हनलो, घोडीचं काय. एवढंच. अक्का हरनीला सोडून ऱ्हानार न्हाय, असं मोठं वाक्य मी मनात रातभर जुळवलं हुतं, पन तोंडातनं तेवढंच निघालं. त्यो थांबला. पत्रा आमच्या दोघांच्या मधी. मंग म्हनला, किती उंच हाय.

मी हातानं दाखिवलं. पाठ माझ्या गळ्यापातूर, मान वर केली की माझ्या डोक्याच्या वर. त्यानं माझ्याकडं बघितलं, हात कुठं हाय ते बघितलं, आन परत पत्रा उचलला.

त्यो पत्रा शेडवर गेला न्हाय. शेडला त्यानं दुसरा जुना बसिवला. हा नेला मोटरीपाशी, लिंबाखाली. चार मेढी रोवल्या, आडवं बांबू टाकलं, वर पत्रा, पत्र्यावर पाचटाचा जाड थर, दोरीनं दाबून बांधलेला. मी मेढी धरल्या. मामा तंबाखू मळत आलं आन इचारलं, हे काय काढलंस आता. ऋषिराज म्हनला, मोटरीला सावली. मामा म्हनलं, मोटरीला एवढं उंच कशाला, ती काय उभी ऱ्हानार हाय का. ह्यो दोरीला गाठ मारत ऱ्हायला. मामा हासत गेलं. अक्का, मोटर गुडघ्याएवढी हाय. मी निघायच्या आदुगर त्या छपराखाली जाऊन उभा ऱ्हायलो. हात वर केला तर बांबूला जेमतेम लागला. आन पाचटाचा थर एवढा जाड हाय की पत्र्यावर त्यानं पान्याचा पाइप मारून दावला तर आवाज आलाच न्हाय. पत्र्याच्या आवाजाचं मी त्याला सांगितलं न्हवतं. उन्हासाठी टाकला असंल. पन आवाज आला न्हाय, हे खरं.

आता दुसरं बी खरं लिवतो. त्यानं मोटरीला सावली म्हनून सांगितलं. घोडीला म्हनला न्हाय. वारं आलं तवा त्यानं बापाचं ऐकलं न्हाय, पन बापाला न्हाय बी म्हनला न्हाय. ह्या मानसाकडनं तुला समदं मिळंल, पन गुपचूप मिळंल, असं मला वाटतं. तुला ते पुरंल का, का तुला चारचौघांत म्हननारा पायजे, ते मला ठरवता येत न्हाय. मी रोज इचार करतोय. एकदा वाटतं पुरंल. एकदा वाटतं अक्कानं आपल्या सगळ्यांसाठी बोलून बोलून तिला आता कुनी तरी बोलनारा पायजे. बघाया सांगितलंस ते बघितलं, फुडचं तू बघ.

आता रानाचं सांगतो. सणसरला मडकं फुटल्यावानी पाऊस झाला त्या दिशी आपल्या वाडीत आज्जीनं अंगनात तांब्यानं पानी शिंपडलं हुतं. मी परत आलो तर माळ तसाच कोरडा, भेगा तशाच. दत्तोबामामांनी पाऊस झाला म्हनून तात्याला फोन केला असंल तरी तात्या त्याच्यावर तळ हलवनार न्हाय, कालव्याच्या मानसाला माळाचं काय ठावं असं त्यो म्हनतो. त्याला माझा निरोप पायजे. मंग परवाच्या दुपारी लंगड्या मेंढ्यानं उगवतीला पाठ केली आन मान खाली घातली. मी आज्जीची खाट आत घेतली. आज्जी म्हनली, फोननं सांगितलं का. मी म्हनलं न्हाय, मेंढ्यानं. आन आला अक्का. आपल्या माळावर, ओढ्यापल्याड, पार टेकडीपातूर. ओढ्याला तांबडं पानी आलं, पोरांचं क्रिकेट वाहून गेलं. काल परत एक सर झाली. आज सकाळी मी चालून आलो तर भुईवर वाकून बघितलं की दिसतं, असं बारीक हिरवं, मला मिसरूड फुटलं तवा तू हासली हुतीस तसलं. तुमी चालत येईस्तोवर मेंढरांच्या तोंडाला लागंल एवढं हुईल.

हे मी तात्याला सांगितलं न्हाय. काल फोन केला तवा तात्यानं इचारलं, माळ भिजला का, आन मी म्हनलं, समदा फिरून दोन दिसांत सांगतो. खोटं न्हवं, पन पुरतं खरं बी न्हवं. तात्या म्हनला लवकर सांग बाबा, हितं गारा झाल्या, शेजारच्या तळावर आंब्याखाली ईज पडून मेंढरं गेली, आपली कोकरं पालात घेतल्यात. तात्या मला बाबा म्हनला अक्का. त्याच्या आवाजात भ्या हुतं. म्हनून मला हे जास्त दाबून ठिवता येत न्हाय. फोन म्हनतो उद्याचा दिस डोंगराकडं कोरडा, परवा सांजपासनं परत ईजा आन सोसाट्याचं वारं. तेवढाच उद्याचा दिस मी तुझ्यासाठी ठिवलाय. हा कागद दुपारी तुझ्या हातात पडंल, दिवस बुडायला मी तात्याला फोन करीन आन माळ भिजला म्हनून सांगीन, मेंढरांनी खाली यायलाच पायजे. पन मेंढरं आली म्हंजी सुपारी फुटलीच, असं व्हऊ नगं, आन कुनी तुला इचारलं न्हाय असं तर मुळीच व्हऊ नगं. म्हनून मी इचारतो. फोनवर शेवटी मी म्हनंन, हरनी कशी हाय. मी आजवर कवा इचारलं न्हाय, तवा तुला वळखू येईल. तुला त्यो मानूस पसंत असंल तर मागनं म्हन, हरनी चालतीया. नसंल तर म्हन, लंगडतीया. तात्या लगीच तिचा खूर बघाया उठंल, उठू दी. तू लंगडतीया म्हनलीस तर मी फोन ठिवनार न्हाय. तात्या परत बसंल, स्पीकर चालू असंल, समदा तळ ऐकत असंल, आन मी त्याला सांगीन की अक्काला हे लगीन नगं. मोठ्यानं सांगीन. मोटरीचं नाव फुडं करनार न्हाय.

तुझाच, हरनीच्या शेपटामागनं चालत आलेला,
लखन